‘चित्रं बघा, अक्षरं सोडा’ म्हणणाऱ्यांना

बोरूबहाद्दर: मुघल चित्रांवरच्या कालच्या धाग्यात एका सद्गृहस्थांनी फर्मावलंय की पानामागची फारसी अक्षरं म्हणजे भरताड, संग्रहालयांनी ती बाजू दाखवूच नये. तिथे लिहिलं असतं तर धागा बंद पडला असता, म्हणून वेगळा काढला.

अहो, दरबारात हिशेब बरोब्बर उलटा होता. अकबराचा दरबारी अबुल फजल आईन-ए-अकबरी या आपल्या ग्रंथात आधी लेखनकलेवर लिहितो, मग चित्रकारांकडे वळतो, आणि मान अक्षराला जास्त देतो. सुलेखनकार मुहम्मद हुसेन काश्मिरीला ‘जर्रीं कलम’ (सोनेरी लेखणी) हा किताब खुद्द अकबराने दिला. हेरातचा सुलेखनकार मीर अली याचे कित्ते जहांगीर जमवत होता, तेव्हा मीर अलीला जाऊन कित्येक दशकं उलटली होती. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात जहांगीरच्या गुलशन मुरक्क्याचं (चित्रं-अक्षरं जमवलेल्या वहीचं) एक पान आहे. मधोमध मीर अलीच्या ओळी. हाशियात, म्हणजे कडेच्या पट्टीत, सोन्यात काढलेली बोटभर माणसं: एक कागद घोटतोय, एक जिल्दीवर काम करतोय, एक लिहायला बसलाय. मध्ये अक्षर, कडेला चित्र. आता सांगा, भरताड कोण?

गंजीफा: ते सद्गृहस्थ मीच. नाव घ्यायला हरकत नव्हती. एक पान दाखवून दरबार सिद्ध होत नाही. अकबराला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे तुमचे दरबारीच सांगतात. हमजानाम्याची, म्हणजे अमीर हमजाच्या साहसकथांची, चौदाशे चित्रं कापडावर काढून घेतली, मजकूर पाठीमागे. बादशहा बघत काय होता?

बोरूबहाद्दर: बघत आणि ऐकत होता. रोज पुस्तकं वाचून घ्यायचा, वाचणारा जिथे थांबेल तिथे स्वतःच्या हाताने खूण करायचा, आणि जितकी पानं झाली तितके पैसे द्यायचा. हेही आईनमध्येच आहे.

गंजीफा: झालं! ऐकायचंच होतं तर नस्तालीकसारखं नजाकतीचं फारसी वळण कशाला? घाईत गिरबटलेलं चाललं असतं की. तुमचा मुद्दा तुम्हीच पाडलात, आभार.

दौत_लेखणी: काका, नुक्त्याने, म्हणजे बोरूच्या ठिपक्याने, मापून अक्षर बसवायला उमर जाते हो. एकदा बोरू तिरका कापून ‘बे’ या अक्षराचा होडीसारखा आकार काढून बघा, मग गिरबटलेलं म्हणा.

आत्याची_भाची: माझा अनुभव सांगते. आत्याने जयपूरला एका दुकानातून ‘अस्सल मुघल पान’ आणलं. हत्तीवर बादशहा, वर-खाली फारसी ओळी. दिवाणखान्यात वर्षानुवर्षं कौतुक. शेजारच्या उर्दू शिकवणाऱ्या चाचांनी चष्मा लावून वाचलं: जमिनीचा हिशेब, कुणाकडे किती बाकी. जुन्या वहीचं पान फाडून त्यावर नवा हत्ती काढलेला! अक्षरं कुणी वाचत नाही, या भरवशावरच हा धंदा चालतो. गंजीफाजी, गिऱ्हाईक तुम्हीच.

मोडीमित्र: फारसीचे उमाळे पुरे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल (कागदांची गाठोडी) पडलेत, वाचणारे किती? आधी घरचं बघा.

दौत_लेखणी: आला! कुठलाही धागा काढा, मोडी हजर.

मोडीमित्र: येणारच. आमच्या गावच्या वाड्यातले कागद चुलतभावाने बंबात घातले. ‘वाचता येत नाही तर ठेवायचे कशाला,’ म्हणाला. गंजीफांचं म्हणणं याहून वेगळं काय आहे?

गंजीफा: मी काही जाळा म्हटलं नाही. उगाच तोंडात शब्द घालू नका.

मोडीमित्र: संग्रहालयाने दाखवू नका म्हणालात. दाखवायचं नाही, मग शिकायचं कोणी, आणि मग बंब.

खडूस_कोल्हापूरकर: मोडीवाल्यांनी तरी कधी अक्षराकडे बघितलंय? वर्ग लावतात, जमिनीचा कागद लागला की पसार. माझ्या वर्गात अर्धे वारसा हक्कवालेच होते.

मोडीमित्र: मग? पोटासाठी शिकले तर पाप लागतं का? जर्रीं कलम काय फुकट लिहायचा?

बोरूबहाद्दर: अहो, परत या कुणीतरी. फारसी कवी निजामीचा खम्सा (पाच काव्यांचा संग्रह), अकबरासाठी केलेली १५९५ची प्रत, आज ब्रिटिश लायब्ररीत. लिहिली सुलेखनकार अब्दुर्रहीम ‘अंबरीन कलम’ने (अंबरासारखी सुगंधी लेखणी). पुढे जहांगीरने शेवटी एक चित्र घालून घेतलं: एकीकडे अब्दुर्रहीम लिहितोय, समोर चित्रकार दौलत त्याचंच चित्र काढतोय. बादशहाला दोघेही हवे होते.

गंजीफा: म्हणजे अक्षरवाल्याला दिसायला शेवटी चित्रकारच लागला! असो. दोन्ही बाजू दाखवा, पण मागे आरसा लावून. सबंध काचपेटी अडवायची नाही.

खडूस_कोल्हापूरकर: आरशात फारसी उलटी दिसेल, साहेब.

गंजीफा: मला कुठे वाचायचीये?

मोडीमित्र: रविवारी मोडीचा वर्ग आहे, कोल्हापूरकर सोडून सगळ्यांनी या.