मदत हवी आहे: रोज दारात येणारी मांजर कोणाची तरी पाळीव असावी अशी शंका आहे, तिला घरात घ्यावे का?

नमस्कार मंडळी,

गेल्या दीड महिन्यापासून एक तिरंगी मांजर रोज आमच्या दारात येत आहे. तिला कायमचे घरात घ्यावे अशी घरातील सर्वांचीच इच्छा आहे. परंतु ती कोणाची तरी पाळीव असावी ही शंका माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. अशा प्रसंगातून ज्यांनी वाट काढली असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आम्ही पुण्यात, कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत तळमजल्यावर राहतो. आमच्या समोरची जुनी तीन मजली इमारत पुनर्विकासासाठी एप्रिलच्या अखेरीस रिकामी झाली, मे महिन्यात तिच्याभोवती पत्रे लागले आणि पावसाळा सुरू होण्याआधी ती पाडूनही झाली. तिथली बारा कुटुंबे भाड्याच्या घरांत पांगली. कोणी वारज्याला गेले, कोणी सिंहगड रस्त्याला, कोणी परगावी मुलाकडे. जूनच्या मध्यावर एका संध्याकाळी ही मांजर आमच्या कुंपणाच्या भिंतीवर प्रथम दिसली. तेव्हापासून ती रोज साडेचारच्या सुमारास येते, त्या पत्र्यांकडे तोंड करून बराच वेळ बसते आणि अंधार पडला किंवा पाऊस आला की आमच्या व्हरांड्यात उतरते. कुत्रे माणसाला धरून राहते आणि मांजर घराला धरून राहते, असे माझ्या सासूबाई म्हणतात. इथे तर ते घरच उरलेले नाही, आणि तरीही ती तिथे बघत बसते हे पाहून जीव तुटतो.

ती भटकी नसावी असे मला वाटते, त्याची कारणे सांगते. पहिल्याच आठवड्यात ती दार उघडे पाहून आत आली आणि कुठेही न बावरता सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजसमोर उभी राहिली. स्टीलच्या डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज झाला की ती जिथे असेल तिथून धावत येते. तिच्या मानेभोवतीचे केस एका बारीक गोल रेषेत दबलेले आणि थोडे विरळ झालेले आहेत. तिथे पूर्वी पट्टा किंवा दोरा असावा. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. दुधात पोळीचे तुकडे घालून दिले तर ती वाटीपाशी बसून राहते, तोंड लावत नाही, आणि आपल्याकडे बघते. तीच पोळी बोटांनी पूर्ण कुस्करून दिली की लगेच खाते. कोणीतरी तिला वर्षानुवर्षे अशीच पोळी कुस्करून घातली असणार, याबद्दल मला शंका नाही.

चौकशी मी माझ्या परीने केली आहे. बांधकामावरच्या पहारेकऱ्याला विचारले, पण तो मे महिन्यात कामावर आलेला आहे. दूधवाल्याला एवढेच आठवते की दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींकडे मांजर होती. ती तिरंगी होती की नाही हे तो सांगू शकला नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर छायाचित्र टाकले, त्यावर कौतुकाचे बरेच संदेश आले, माहिती मात्र मिळाली नाही.

आता माझा खरा पेच. एक मन म्हणते की, जाणाऱ्यांनी तिला मुद्दाम मागे सोडले असेल, तर वाट कोणाची बघायची? दुसरे मन म्हणते की, त्या आजी कुठेतरी भाड्याच्या घरात तिच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या असतील आणि इकडे मी त्यांच्या मांजरीला नवे नाव देऊन, दार लावून, ‘आमची मनी’ म्हणत असेन. मांजर डोळे मिटून दूध पिते आणि तिला वाटते की कोणी पाहत नाही, असे आपण म्हणतो. तसे माझ्या हातून होऊ नये. तिला पशुवैद्यांकडे नेऊन लसीकरण आणि पिल्ले होऊ नयेत म्हणून नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेण्याचा अधिकार मला आहे का? किती दिवस वाट पाहिली म्हणजे पुरेशी झाली असे समजावे? आणि तोवर खाऊ घालणे योग्य आहे की त्यानेच गुंता वाढतो?

वाटसरू:

ताई, आपण घाई केली नाही हे फार चांगले झाले. एक साधा उपाय सुचवतो, जो आमच्या गल्लीत उपयोगी पडला आहे. साध्या वहीच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी कापा, तिच्यावर ‘ही मांजर आपली आहे का? कृपया या क्रमांकावर कळवा’ असे लिहून आपला दूरध्वनी क्रमांक घाला आणि ती तिच्या मानेभोवती सैल गुंडाळून टोकाशी चिकटपट्टी लावा. मान आणि पट्टी यांच्यामध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत. दोरी किंवा कापडी फीत मात्र अजिबात वापरू नका. कुठे अडकली तर फास बसतो, कागद ओढ बसताच फाटतो. पाऊस उघडलेला दिवस निवडा, म्हणजे शाई टिकेल. ती जिथे कुठे दुसरीकडे जेवत असेल, तिथवर आपला निरोप तीच घेऊन जाईल. एक मांजर तीन-चार घरी जेवते आणि प्रत्येक घराला ती आपलीच वाटते, हे मी स्वतः पाहिले आहे.

शिवाय पुनर्विकासात रहिवाशांना दरमहा भाडे मिळत असते, त्यामुळे सर्व सभासदांचे सध्याचे पत्ते आणि क्रमांक त्या सोसायटीच्या सचिवांकडे असणारच. ते क्रमांक देणार नाहीत, पण आपला निरोप त्यांच्या गटावर नक्की टाकतील. पहारेकऱ्यापेक्षा त्यांना गाठा.

पशुवैद्य_सातारा:

मी पशुवैद्य आहे, म्हणून शस्त्रक्रियेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते, त्यामुळे पिल्लांची काळजी आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिची शस्त्रक्रिया आधीच झालेली असण्याची शक्यता लक्षात घ्या. निर्बीजीकरण मोहिमेत पकडलेल्या मांजराच्या कानाचे टोक ओळखीसाठी कापलेले असते, घरच्या मांजरीच्या कानावर मात्र बहुधा अशी खूण नसते, आणि पोटावरचे केस काही महिन्यांत पुन्हा वाढल्यामुळे टाक्यांचा व्रणही झाकला जातो. कान शाबूत आहेत म्हणून शस्त्रक्रिया झालेली नाही, असे समजून पोट उघडायचे आणि आत गर्भाशयच नाही असे आढळायचे, हा त्या जिवाला विनाकारण दिलेला त्रास ठरतो. माजावर आलेली मांजर मोठ्याने, ओढून ओढून ओरडते, जमिनीवर लोळते, आणि गाभण राहिली नाही तर हंगामात साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच घडते. दीड महिन्यात आपण असे एकदाही ऐकले नसेल, तर बहुधा एक तर तिची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ती गाभण आहे. गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा असतो, त्यामुळे पोटाकडे लक्ष ठेवा.

तपासणीसाठी नेण्यास मात्र काहीच हरकत नाही. मालक सापडेपर्यंत तपासणी, जंताचे औषध आणि रेबीजची लस एवढे करून घ्यावे. पूर्वी लस दिलेली असली तरी पुन्हा दिल्याने सहसा अपाय होत नाही. डॉक्टरांना मायक्रोचिप पाहायला सांगा. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन्ही खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली असते, आणि वाचकयंत्र फिरवले की तिचा १५ अंकी क्रमांक दिसतो. आपल्याकडे फार थोड्या मांजरांना ती बसवलेली असते, पण बघायला अर्धा मिनिटही लागत नाही.

दूध-पोळी तिला आवडत असली तरी प्रौढ मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही आणि त्यांच्या शरीराला मांसातूनच मिळणारे घटक लागतात. उकडलेली, बिनमिठाची कोंबडी किंवा मासळी हळूहळू सुरू करा. ती बारीक दिसत असेल तर लगेच ‘उपाशी आहे’ असा निष्कर्ष काढू नका. वय झालेल्या मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा किंवा थायरॉईडचा विकार असला की खायला मिळत असूनही त्या हाडकुळ्या राहतात, आणि कदाचित एखाद्या घरी तिला रोज औषध मिळत असेल. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते. कुत्र्यांच्या गोचिडांवरची पर्मेथ्रिन असलेली औषधेही तिला विषारी आहेत. आणि तिने कोणाला चावले किंवा ओचकारले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजरामुळे रेबीज होत नाही, हा समज चुकीचा आहे.

ठाणेकर:

मी आपल्या प्रश्नाच्या पलीकडच्या काठावरून लिहीत आहे. आमचा बोका असाच गेला. आम्ही नौपाड्यातले घर सोडून दीड किलोमीटरवर राहायला गेलो आणि चौथ्याच दिवशी त्याला मोकळे सोडले. नव्या घरात मांजराला किमान तीन आठवडे बाहेर जाऊ द्यायचे नसते, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. तो परत जुन्या इमारतीत गेला. तिथल्या एका सज्जन कुटुंबाला तो टाकून दिलेला वाटला, त्यांनी प्रेमाने घरात घेतला आणि पुढे ते गावी गेले तेव्हा त्यालाही घेऊन गेले. आम्ही पाच महिने रोज संध्याकाळी जुन्या घराच्या आसपास डबा वाजवत फिरलो. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. तरीही त्यांनी जिन्यात एक चिठ्ठी लावली असती तर तो आज आमच्या घरी असता.

खाऊ घालण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: उपाशी ठेवू नका, परंतु जुन्या जागेपाशी जेवण मिळत राहिले तर मांजर नव्या घरी रुळत नाही, म्हणून मालकाचा शोध रोज चालू ठेवा. कायद्याचे म्हणाल, तर पाळीव जनावर ही मालकाची जंगम मालमत्ता मानली जाते, त्यामुळे मालक असल्याचे ठाऊक असताना ते ठेवून घेणे योग्य नाही. याउलट मालकाने जनावर उपासमार होईल अशा स्थितीत सोडून दिले असेल, तर १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे तो त्याचा गुन्हा आहे. पण मुद्दाम सोडले असेल असे गृहीत धरू नका. बहुतेक वेळा ते हरवलेले असते.

धागाकर्ती:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवस लिहायला जमले नाही, कारण या दिवसांत बरेच काही घडले.

कागदाची पट्टी बांधली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतून एका काकांचा फोन आला. ती सकाळी त्यांच्याकडे मासळीचे तुकडे खायला जाते आणि तेही तिला भटकीच समजत होते. सचिवांचा क्रमांक मिळवायला चार दिवस लागले. त्यांनी निरोप त्यांच्या गटावर टाकला आणि त्याच रात्री दूधवाल्याने सांगितलेल्या आजींच्या सुनेचा फोन आला. मांजर त्यांचीच आहे. सामान हलवताना मजुरांच्या गडबडीने ती घाबरून पळाली होती. त्यांनी दोन आठवडे येऊन शोध घेतला, नंतर पत्रे लागल्याने आत जाता येईना, आणि यंत्राने इमारत पाडली तेव्हा ती त्यात सापडली असावी असे समजून आजींनी तिच्याविषयी बोलणेच सोडून दिले होते. आजी फोनवर आल्या. त्यांनी ती कशी आहे, कुठे झोपते, काहीच विचारले नाही, पहिला प्रश्न केला, “पोळी कुस्करून देताय ना?” मला काही क्षण उत्तरच देता आले नाही.

तिची शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वीच झालेली आहे, त्यामुळे पशुवैद्यांनी लिहिले ते अगदी वेळेवर कळले. अडचण अशी की त्यांच्या भाड्याच्या घराच्या मालकांनी प्राणी ठेवायचा नाही अशी अट करारातच घातली आहे, आणि नवी इमारत उभी राहायला तीन वर्षे तरी लागतील. म्हणून आजींनी विचारले, “तोवर तुमच्याकडे राहील का? मी अधूनमधून येऊन बघून जाईन.” मी होकार दिला आहे. औषधपाण्याचे निर्णय त्यांना विचारून घ्यायचे, खर्च आम्ही करायचा आणि नव्या घराचा ताबा मिळाल्यावर ती त्यांच्याकडे जायची, असे दोन्ही घरांत बोलणे झाले आहे. गैरसमज नको म्हणून सुनेने आणि मी ते चार ओळींत लिहूनही ठेवले आहे.

गुरुवारी तपासणीसाठी नेणार आहोत. आजीही रिक्षाने येणार आहेत, कारण टोपलीत बसायला ती फक्त त्यांचेच ऐकते असे त्यांचे म्हणणे आहे. तिचे नाव सगुणा आहे. काल त्या नावाने हाक मारली, तर भिंतीवरून पत्र्यांकडे पाहत बसलेली ती पहिल्यांदाच मान वळवून आमच्याकडे बघू लागली.

आता विचारायचे एवढेच आहे की, तीन आठवडे घरात ठेवण्याचा नियम इथेही लागू होतो का? तिचे जुने घर समोरच होते, आणि दार लावले की ती रात्रभर खिडकीपाशी बसून राहते.