मदत हवी आहे : पोलीस कुटुंबांसाठी कार क्लबची क्रूझ, मेलबर्न ते मॅन्सफिल्ड

नमस्कार मंडळी,

मी मेलबर्नच्या पूर्व भागात राहते आणि इथल्या एका छोट्या कार क्लबची सभासद आहे. जुन्या होल्डन कमोडोर, फोर्ड फाल्कन, काही जपानी गाड्या मिळून चाळीसेक गाड्या होतात. या वर्षी 'व्हिक्टोरिया पोलीस लेगसी'साठी क्रूझ, म्हणजे सगळ्यांनी आपापल्या गाड्या घेऊन मिळून करायची सफर, काढायची असं ठरलं आणि जबाबदारी माझ्याकडे आली. पोलीस दलातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्या जोडीदाराला आणि मुलांना ही संस्था आधार देते. ऑस्ट्रेलियातल्या कुणी अशी क्रूझ काढली असेल तर कृपया अनुभव सांगा.

हे काम मी का घेतलं तेही सांगते. माझे वडील हवालदार होते, मी पोलीस लाइनीत वाढले. गणपतीचा बंदोबस्त लागला की दहा दिवस बाबा फक्त झोपायला घरी येत. शेजारच्या काकांना ड्यूटीवर असताना ट्रकने उडवलं. काकू धाकटीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या, आणि आलेल्या लोकांना काय बोलावं ते कळत नव्हतं, हे मला अजून दिसतं. मग २२ एप्रिल २०२० ला इथल्या ईस्टर्न फ्रीवेवर क्यू या उपनगराजवळ एक गाडी थांबवून उभ्या असलेल्या चार पोलिसांना ट्रकने चिरडलं. एकाच घटनेत इतके पोलीस व्हिक्टोरियाने त्याआधी कधीच गमावले नव्हते. लॉकडाऊनमुळे अंत्यविधीलाही मोजकीच माणसं जाऊ शकली. मी रोज त्याच रस्त्याने कामाला जाते.

मॅन्सफिल्ड निवडण्यामागेही कारण आहे. नेड केली हा जुन्या काळचा दरोडेखोर इथे सगळ्यांना माहीत. पण २६ ऑक्टोबर १८७८ ला स्ट्रिंगीबार्क क्रीकवर त्याच्या टोळीने मारलेले सार्जंट केनेडी आणि कॉन्स्टेबल लॉनिगन व स्कॅनलन ही नावं क्लबातल्या निम्म्या लोकांनी ऐकलेली नव्हती. तिघांचं स्मारक मॅन्सफिल्डच्या मधोमध, चौकात आहे. केनेडी त्याच गावच्या ठाण्यावर होते, बायको-मुलं तिथेच. तिथे जाऊन दोन मिनिटं उभं राहायचं, एवढाच कार्यक्रम.

आता अडचणी. तारीख म्हणून मनात २९ सप्टेंबरच्या जवळचा रविवार आहे, कारण तो नॅशनल पोलीस रिमेम्बरन्स डे. रस्ता हील्सव्हिल, ब्लॅक स्परचा घाट, बक्स्टन, अलेक्झांड्रा असा धरलाय. चाळीस गाड्या एका रांगेत न्याव्यात का? पैसे कसे गोळा करावेत? आणि सगळ्यात मोठी काळजी : मागे दुसऱ्या एका क्लबच्या क्रूझमध्ये दोन-तीन पोरांनी पार्किंगमध्ये जागच्या जागी चाकं गरगर फिरवून टायर जाळले, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले आणि सगळ्यांचीच मान खाली गेली. पोलिसांच्या घरांसाठी निघायचं आणि रविवारी त्यांचंच काम वाढवायचं, हे मला सहन होणार नाही.

लिलीडेलकर :
ताई, तारीख बदला. सप्टेंबरअखेर म्हणजे शाळांची सुट्टी, फुटीच्या (इथल्या फुटबॉलच्या) फायनलचा शनिवार-रविवार, शिवाय माउंट बुलरच्या बर्फाला जाणाऱ्या गाड्या मॅन्सफिल्डवरूनच जातात. तुम्हीच २६ ऑक्टोबर लिहिलंय, मग त्याच्या लगतचा रविवार का नको? बर्फ संपलेलं असतं आणि घड्याळं पुढे गेल्यामुळे परतताना उजेडही असतो.

ब्लॅक स्पर मला जिवापाड आवडतो. उंच माउंटन अॅश, खाली नेचे, पण ताफा घेऊन नको. वळणावर वळण, रविवारी मोटरसायकली, सावलीतला रस्ता ओलसर. मागच्याला पुढचा दिसेनासा झाला की तो वेग वाढवतो, तिथेच घात होतो. यारा ग्लेनवरून मेल्बा हायवेने येय या गावी जा. तिथला मुख्य रस्ता ऐसपैस आहे, सगळे पुन्हा एकत्र येऊ शकतात. ज्यांना ब्लॅक स्पर हवाच त्यांनी परतताना आपापला जावा.

गॅरेजवाला :
एक रांग अजिबात नको. आठ-आठ गाड्यांचे पाच गट करा, पाच-सात मिनिटांच्या अंतराने सोडा. प्रत्येक गटाला पुढे एक आणि शेवटी एक जाणता चालक. आपल्याच गटात ओव्हरटेक नाही. सिग्नलला कुणी मागे राहिला तर राहू दे, चौक अडवून गाड्या काढून द्यायच्या नाहीत. रस्त्याचा कागद प्रत्येकाच्या हातात असला की कुणी हरवत नाही. गाड्यांमध्ये आपसात बोलायला यूएचएफ रेडिओ घेणार असाल तर चॅनेल ४० ट्रकवाल्यांचं आणि ५ व ३५ आपत्कालीन, ती सोडून दुसरं धरा.

क्लब परमिटवरच्या (वर्षात ठरावीक दिवसच चालवायची परवानगी असलेल्या जुन्या) गाड्यांनी निघण्याआधी लॉगबुकात त्या दिवसाची नोंद करायची, हे सकाळी भोंग्यावर ओरडून सांगा, हमखास विसरतात. आणि दिवे लावून उभी पोलीस गाडी किंवा अॅम्ब्युलन्स दिसली की वेग ताशी ४० किमीवर आणायचा, हा २०१७ पासूनचा नियम. ईस्टर्न फ्रीवेवर जे झालं त्यानंतर तुमच्या ताफ्याने तरी तो चुकवू नये.

पैशांचं : संस्थेचं नाव किंवा बोधचिन्ह पत्रकावर टाकण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या. रोख गोळा करू नका, थेट त्यांच्याच खात्यात जाऊ द्या. नाश्त्याचे पैसे आणि देणगी वेगळी ठेवा. ज्या पैशांच्या बदल्यात खायला मिळालं ते करसवलतीची देणगी ठरत नाही, नंतर लोक पावती मागतात आणि भांडणं होतात.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. तारीख ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, रस्ता येयवरून. क्लबच्या सभेत काल दोघांनी ब्लॅक स्परसाठी वाद घातला, पण मी मागे हटले नाही. मॅन्सफिल्डच्या ठाण्याला आणि कौन्सिलला आधी पत्र पाठवते. टायर जाळणाऱ्याची गाडी पुढच्या कुठल्याच क्रूझला नाही, हेही नोंदणीच्या अर्जावर लिहून सही घेणार आहे. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "स्मारकापाशी हॉर्न वाजवू देऊ नकोस." तेही अर्जात घातलंय.

अजून एक अडलंय. स्मारक चौकातच असल्यामुळे तिथे गाड्या लावता येणार नाहीत. चालत पाच-दहा मिनिटांवर चाळीस गाड्या मावतील अशी जागा कुणाला माहीत आहे का? दोन सभासद काठी घेऊन चालतात, त्यामुळे फार लांब नको.