इंग्रजीतील ‘पुअर’: निर्धन, बिचारा की निकृष्ट?

प्रश्न
एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘पुअर’ हा शब्द मला ‘पुअर सॉइल’, ‘पुअर हेल्थ’ आणि ‘द पुअर वुमन’ अशा तीन ठिकाणी आढळला. पहिल्या दोहोंचा पैशाशी संबंध नाही हे उघड आहे. तिसऱ्या ठिकाणी मात्र ती बाई निर्धन आहे की लेखकाला तिची कणव आली आहे, हे ठरवता येत नाही. ते ओळखण्याची काही खूण आहे का?

प्रतिसाद १
खूण आहे, पण ती अर्धवट आहे. कणव दाखवणारा ‘पुअर’ सहसा नामाच्या आधी येतो, त्यामुळे ‘द वुमन इज पुअर’ या वाक्यातून ‘बिचारी’ असा अर्थ निघत नाही. नामाआधी आल्यास दोन्ही अर्थ संभवतात आणि संदर्भच पाहावा लागतो. फ्रेंचमध्ये ही अडचण बरीच कमी आहे, कारण तेथे ‘पोव्र’ हे विशेषण नामाआधी आले की बहुधा ‘बिचारा’ आणि नामानंतर आले की ‘निर्धन’ असा अर्थ होतो. इंग्रजीने शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला, ही सोय मात्र घेतली नाही.

प्रतिसाद २
‘पुअर सॉइल’ला लाक्षणिक प्रयोग समजू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘पाउपेर’ची व्युत्पत्ती ‘थोडे’ आणि ‘उत्पन्न करणे’ या अर्थांच्या धातूंपासून लावली जाते, म्हणजे कमी पिकवणारी जमीन या कल्पनेच्या अगदी जवळची आहे. उणीव हा धागा धरला की अपुरा उजेड, खालावलेली प्रकृती, कच्ची स्मरणशक्ती, लोह कमी असलेला आहार हे सारे अर्थ जुळतात. मराठीत मात्र प्रत्येकासाठी वेगळा शब्द योजावा लागतो. ‘द पुअर’ म्हटले की गरिबांचा वर्ग अभिप्रेत असतो आणि क्रियापद अनेकवचनी येते. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने ज्यांच्या साहाय्यासाठी प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील स्थानिक विभागावर, कर बसवण्याची जबाबदारी टाकली, तो हाच वर्ग.

प्रतिसाद ३
अनुवादापुरती एक सूचना करतो. मराठीत ‘गरीब’ हा शब्द स्वभावालाही लागतो. ‘फार गरीब आहे हो ती’ म्हणताना आपण तिचा सौम्यपणा सांगत असतो, आणि ही छटा ‘पुअर’मध्ये नाही. म्हणून ‘गरीब बाई’ असे लिहून दोन्ही अर्थ राखले असे मानू नये. त्याने तिसराच अर्थ आत येतो. तिच्या घराचे, कर्जाचे किंवा मजुरीचे वर्णन आसपास असेल तर ‘निर्धन’ लिहावे, आणि तिच्यावर ओढवलेला प्रसंग सांगितला असेल तर ‘बिचारी’.