घरी 'हॉबिट'चं जेवण आणि सिनेमा: काय रांधू, कसं जमवू?

गवतीचहा:
मंडळी, सल्ला हवाय. माझ्या 11 वर्षांच्या लेकीने टोलकिनचं 'हॉबिट' वाचून संपवलं आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय: घरी हॉबिटांसारखं (गोष्टीतली छोटुकली, खाण्याची शौकीन माणसं) जेवायचं आणि मग सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा. गोष्टीचा नायक हॉबिट म्हणजे बिल्बो, त्याचा वाढदिवस 22 सप्टेंबरला, पण तेव्हा गणपती नाहीतर पितृपक्ष. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार धरलाय. नऊ माणसं आहेत. धाकटा 6 वर्षांचा. सासूबाई 74 च्या, शाकाहारी, मैदा खात नाहीत, खाली बसता येत नाही. सिनेमा 2012 चा पहिला भाग. ऐन वेळी मला ओट्याशी अडकायचं नाहीये, लेकीशेजारी बसून बघायचंय.

तांबडाभोपळा:
आम्ही मागच्या वर्षी केलं होतं. माझं ऐका, आधी जेवण आणि मग सिनेमा असं करू नका. गोष्टीची सुरुवातच जेवणाने होते ना! बिल्बोच्या घरी एकेक बुटका पाहुणा टपकतो: आधी ड्वालिन येतो, मग बालिन, मग फिली-किली, आणि शेवटी दारात ढीग कोसळतो. तुमची भावंडं, जावा, दीर यांना पाच-पाच मिनिटांच्या अंतराने बेल वाजवायला सांगा, प्रत्येकाच्या हातात एकेक पदार्थ. निम्मा स्वयंपाक तिथेच वाटला जातो. सगळे जमले की सिनेमा लावा आणि बुटके बिल्बोचं कोठार रिकामं करत असताना तुम्हीही जेवा. आमची पोरं बुटक्यांचं ताटं फेकण्याचं गाणं संपेपर्यंत स्वतःची ताटं घासायला उठली होती. ताटं मात्र स्टीलची घ्या.

दरवाजा नक्की करा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, मध्ये खिळा, त्याला सुतळी आणि पेन्सिल बांधून गोल काढायचा, हिरवा रंग द्यायचा. पुस्तकात पितळी मूठ दाराच्या बरोब्बर मध्यावर आहे. आम्ही तिथे देवघरातली जुनी पितळी वाटी पालथी चिकटवली होती. लेक आल्यागेल्याला ती मूठ दाखवत होती.

शहाजिरं:
पुस्तकात बालिन सीड-केक मागतो, तो चुकवू नका. त्यात कॅरवे, म्हणजे आपलं शहाजिरं घालतात. सासूबाईंसाठी रव्याचा करा: 2 वाट्या बारीक रवा, 1 वाटी साखर, 1 वाटी दही, अर्धी वाटी तूप, लागेल तसं दूध. अर्धा तास झाकून ठेवा, मग अर्धा चमचा सोडा आणि 2 चहाचे चमचे शहाजिरं जरासं चुरडून. न चुरडता घातलं तर वास उठत नाही. आदल्या दिवशी केला तर जास्त छान लागतो.

बुटके रासबेरी जॅमही मागतात, तो महाबळेश्वरचा आणा. हॉबिटांचा जीव अळंबीवर. मोठ्या आचेवर परता आणि पाणी आटेपर्यंत मीठ घालू नका, नाहीतर रस्सा होतो. सोबत लसणाच्या लोण्यात खरपूस केलेले छोटे बटाटे आणि गरम भाकरी. एवढं पुरे. चाळीस पदार्थांच्या मागे लागाल तर सिनेमा राहील.

गवतीचहा:
शहाजिऱ्याचं माहीतच नव्हतं! आणि बेल वाजवायची कल्पना ऐकून लेक नाचतेय. धाकट्याचं काय करू? सिनेमा 169 मिनिटांचा आहे.

आजोळ:
6 वर्षांच्या मुलाला पूर्ण दाखवू नका, कळकळीने सांगते. सुरुवातीला ड्रॅगनचा हल्ला आहे, तेव्हा त्याला मांडीवर घ्या. पुढे लढाईत शिर उडवलेलं दाखवलंय, ट्रोल नावाचे राक्षस आहेत. बिल्बो बुटक्यांच्या मोहिमेचा करार हातात घेऊन घरातून पळत सुटतो, तिथे थांबवा. केक कापा आणि मग त्याला झोपवा. तो आनंदात झोपतो, कारण त्याच्यासाठी गोष्ट तिथे संपते.

सासूबाईंना खुर्ची द्या, पाठीला उशी, आणि एक कामही द्या. पुढे गुहेत बिल्बो आणि गॉलम नावाचा एक विचित्र प्राणी एकमेकांना कोडी घालतात. त्याआधी सिनेमा थांबवून त्यांनाच कोडी घालायला सांगा. आमच्या आईने त्या रात्री सात कोडी घातली, त्यातली तीन मीही कधी ऐकली नव्हती.

गवतीचहा:
आत्ताच सासूबाईंना विचारलं. वाती वळता वळता त्यांनी लगेच घातलं: सूपभर लाह्या, त्यात एक रुपया. लेक अजून गॅलरीत उभी राहून विचार करतेय. वर चांदणं पडलंय, पण तिने अजून मान वर केलेली नाही.