मदत हवी आहे : विद्यापीठाचं मैदान भाड्याने द्यायचा निर्णय नेमका कोणाचा?

नमस्कार मंडळी. मी एका सार्वजनिक विद्यापीठाचा नोंदणीकृत पदवीधर आहे, अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, निवडणुकीत मतदानही करतो. ज्या मैदानावर आमच्या पिढ्या खेळल्या, त्याचा मोठा भाग दीर्घ मुदतीने भाडेपट्ट्यावर जाणार असं कळलं आणि जीव कासावीस झाला.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ थोडा वाचला. मला समजलं ते असं : जमीन, इमारती, पैसा यांचा कारभार व्यवस्थापन परिषदेकडे, आणि तिचे अध्यक्ष कुलगुरू. अभ्यासक्रमांचं काम विद्यापरिषद आणि अभ्यास मंडळांकडे. अधिसभेचे अध्यक्ष कुलपती, म्हणजे राज्यपाल. अर्थसंकल्प आणि हिशेब तिच्यासमोर येतात. आम्ही पदवीधर तिथे १० प्रतिनिधी पाठवतो, पण मालमत्तेचा ठराव तर परिषदेच्या बंद खोलीत होतो! हेच मला सलतं.

जाणकारांनी कृपया सांगावं. भाडेपट्ट्याला राज्य शासनाची आगाऊ मान्यता लागते का, आणि ते कलम कुठलं? अधिसभा सदस्याने प्रश्न विचारला तर परिषदेला उत्तर देणं भाग आहे का? बैठकीचं इतिवृत्त मिळावं म्हणून १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय, उत्तराची ३० दिवसांची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. उत्तर आलंच नाही तर पहिलं अपील करीनच, पण तोवर ठराव अमलात येऊ नये म्हणून काय करता येईल? कुणी माजी अधिसभा सदस्य इथे असतील तर त्यांच्याशी बोलायला फार आवडेल.