लॅपटॉपवर आधीपासून असलेले एंडलेस ओएस काढून दुसरे लिनक्स टाकावे का?

इंदिरानगरवासी (प्रश्न)

नमस्कार. मुलीने यंदा पॉलिटेक्निकच्या संगणक शाखेत प्रवेश घेतल्यामुळे नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानातून तिच्यासाठी कमी किमतीचा छोटा लॅपटॉप घेतला. सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी साठवण (बोर्डावरच बसवलेली चिप) असलेल्या या यंत्रावर एंडलेस ओएस हे लिनक्स आधीच घातलेले आहे. ते दिसायला नेटके आहे, आणि इंटरनेट नसताना उघडणारा त्यातला ज्ञानकोश तर घरात सगळ्यांनाच आवडला आहे. अडचण अशी की, प्रात्यक्षिकांसाठी जीसीसी हा कंपायलर आणि आणखी काही साधने ‘आप्ट’ या कार्यक्रम बसवणाऱ्या आज्ञेने बसवावीत असे शिक्षकांनी वहीत लिहून दिले आहे, आणि ती आज्ञा येथे काही केल्या चालत नाही.

दुकानदार पाचशे रुपयांत विंडोज टाकून देतो म्हणतो. ते परवान्याचे असणार नाही हे उघड असल्याने तो मार्ग मला पत्करायचा नाही. दुसरे लिनक्स टाकावे, तर ४ जीबी रॅमला कोणते मानवेल? सोसायटीची इतिवृत्ते मी याच लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठीत टंकतो, आणि घरी एलबीपी २९०० हा जुना लेझर प्रिंटर आहे, या दोन गोष्टीही लक्षात घेऊन सल्ला द्यावा ही विनंती.

गोदाकाठ

आपल्या यंत्रात बिघाड काहीही नाही. एंडलेस ओएस हे आप्ट वापरणाऱ्या डेबियन या लिनक्सवर आधारलेले असले तरी त्याची रचना निराळी आहे: मूळ प्रणालीचा भाग ओएसट्री या पद्धतीने एकसंध ठेवलेला आणि केवळ वाचनापुरता खुला असतो, अद्ययावत करतानाही तो संपूर्णच बदलला जातो, आणि वापरकर्त्याने बसवायचे कार्यक्रम फ्लॅटपॅक या स्वयंपूर्ण पॅकेजांच्या रूपाने त्याच्या बाहेर राहतात. त्यामुळे आप्टला हात घालण्यासारखी जागाच उरत नाही. घरातल्या लहानथोरांनी काहीही केले तरी प्रणाली मोडत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे, आणि ज्यांना फक्त ब्राउझर व पत्रलेखन हवे त्यांना मी ते काढू नका असेच सांगतो. संगणक शाखेच्या विद्यार्थिनीला मात्र प्रणालीच्या पोटात शिरता आले पाहिजे. तेव्हा आपल्या बाबतीत बदल करणेच योग्य ठरेल.

विंडोजचा विचार सोडलात हे परवान्याच्या मुद्द्यापलीकडेही बरेच झाले. विंडोज ११ला किमान ६४ जीबी साठवण लागते, आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला.

माझी पसंती लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपच्या आवृत्तीला आहे. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या लिनक्सवर उभी असून तिला २०२९पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत, म्हणजे मुलीची पदविका पूर्ण होईपर्यंत पुन्हा हा उपद्व्याप करावा लागणार नाही. बसवणीची आयएसओ फाइल तीन जीबीच्या आसपास आहे, त्यामुळे मोबाइलच्या रोजच्या डेटावर ती उतरवू नका. घरच्या ब्रॉडबँडवर उतरवून फाइल अखंड आली का हे कळण्यासाठी तिची शा-२५६ बेरीज संकेतस्थळावरच्या बेरजेशी ताडून पाहा आणि मगच पेनड्राइव्हवर लिहा.

खरे काम त्यानंतरचे आहे. पेनड्राइव्हवरून मिंट नुसते चालू करा, बसवू नका. त्या स्थितीत वायफाय जोडले जाते का, स्पीकर व हेडफोन दोन्हींतून आवाज येतो का, पडद्याचा उजेड कळींनी कमी-जास्त होतो का, आणि झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे पाहा. स्वस्त लॅपटॉपांत वायफाय आणि ध्वनी यांच्याच चिपा बहुधा दगा देतात. कारखान्यातून आलेल्या प्रणालीत त्यांची सोय केलेली असते. नव्या प्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ती असेलच असे गृहीत धरू नये.

सातपूर_कारखाना

वरील सल्ला पटतो, फक्त मिंटऐवजी डेबियनचाही विचार करावा असे सुचवतो. आमच्या कारखान्यातल्या अशाच दोन यंत्रांवर डेबियन आणि एक्सएफसीई आहे. जून २०२३च्या डेबियन १२पासून वायफायसाठी लागणारे फर्मवेअर (चिप चालवणारी आज्ञावली) बसवणीच्या फाइलमध्येच मिळते, त्यामुळे पूर्वीची ती धावाधाव राहिलेली नाही. आणि जेथे साठवण मोजकी, तेथे जेवढे मागाल तेवढेच बसवणारी प्रणाली बरी.

३२ जीबी हा आकडा खोक्यावरचा असतो. ‘एलएसबीएलके’ ही साठवणींची यादी दाखवणारी आज्ञा चालवलीत तर एमएमसीबीएलके० या नावापुढे २९ जीबीच्या आसपास आकडा दिसेल. त्याखाली बूट० आणि बूट१ अशी शेपटे लावलेले दोन चिमुकले भागही दिसतील. ते ईएमएमसी चिपचे अंगभूत भाग आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. एवढ्या जागेत जुने आणि नवे लिनक्स शेजारी शेजारी नांदवण्याचा मोह टाळून संपूर्ण साठवण पुसूनच बसवणी करा. तत्पूर्वी क्लोनझिला या कार्यक्रमाने मूळ प्रणालीची प्रतिमा (हुबेहूब नक्कल) बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा. एंडलेस ओएस विनामूल्य उतरवून घेता येते हे खरे, पण यंत्राबरोबर आलेली प्रणाली जशीच्या तशी हाताशी असली, तर वॉरंटीच्या काळात सेवा केंद्रात वाद घालावा लागत नाही.

इंदिरानगरवासी

दोघांचेही मनापासून आभार. मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिले. वायफाय, आवाज आणि पडद्याचा उजेड ठीक आहेत. झाकण उघडल्यावर यंत्रही जागे झाले. प्रतिमा आज रात्री घेतो. मराठी टंकन, ज्ञानकोश आणि प्रिंटर यांबद्दल कोणी सांगू शकेल का?

मेरीचा_वाचक

मराठीसाठी वेगळे काही बसवावे लागणार नाही. कळफलकाच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांच्या यादीत ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ ही मांडणी आहे; ती इंग्रजीच्या जोडीला ठेवा आणि भाषा बदलायची कळ नेमून द्या. सोसायटीची जुनी इतिवृत्ते युनिकोडपूर्व फॉन्टांत असतील, तर मात्र ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागतील. ज्ञानकोशाची उणीव किविक्स हा इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणारा कार्यक्रम भरून काढतो. मराठी विकिपीडियाची फाइल मेमरी कार्डावर ठेवा, म्हणजे मुख्य साठवणीवर भार पडणार नाही.

मिंट घेतलेत तर एक सावधगिरी बाळगा. पहिल्याच दिवशी ते टाइमशिफ्ट हे प्रणालीच्या नकला राखणारे साधन चालू करण्याचे सुचवते. त्याची नेहमीची पद्धत पहिल्या खेपेला संपूर्ण प्रणालीची नक्कल करते, आणि ती त्याच २९ जीबींमध्ये ठेवली की पाहता पाहता साठवण तुडुंब भरते. ठेवायचीच असेल तर एक्सट४ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर ठेवा. रॅम कमी पडते असे वाटल्यास ईएमएमसीवर मोठी स्वॅप फाइल (रॅमची पूरक जागा) करण्याऐवजी झेडरॅम सुरू करा. ते सध्या न लागणारी माहिती रॅममध्येच दाबून ठेवते, आणि चिपवर वारंवार लिहिणेही टळते.

प्रिंटरचे काम तेवढे सोपे नाही. एलबीपी २९०० हा पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरांच्या प्रचलित भाषा न समजता कॅप्ट या स्वतःच्याच पद्धतीने चालतो, म्हणून नव्या प्रिंटरांसारखा तो जोडताक्षणी ओळखला जाणार नाही. त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना असून ६४ बिटांच्या प्रणालीवर त्याला ३२ बिटांची काही लायब्ररी पॅकेजे जोडीला द्यावी लागतात. मिंट आणि डेबियन या दोहोंवर तो बसवण्याचा प्रयत्न करता येतो, एंडलेसवर मात्र तो मार्ग नव्हता. मुलीच्या अभ्यासाची बसवणी आधी पूर्ण करा आणि प्रिंटरसाठी एखादा रविवार राखून ठेवा. तोपर्यंत तो ज्या जुन्या संगणकाला जोडलेला असेल तेथेच राहू द्या आणि इतिवृत्ते पीडीएफ करून पेनड्राइव्हने तिकडे न्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसलेला असल्यामुळे जोडाक्षरेही फुटणार नाहीत.