कोदाय पद्धत (गाण्यातून संगीत शिकवण्याची हंगेरियन पद्धत) शिकायला हंगेरीला जायचंय, पण स्टाफ नोटेशनवर (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) अडलेय. मदत हवी आहे

केचकेमेटच्या कोदाय इन्स्टिट्यूटमध्ये (1975 पासून चालू, आता बुडापेस्टच्या लिस्ट संगीत अकादमीचा भाग) संगीत-अध्यापन शिकायला अर्ज करायचा आहे. बी.ए. संगीत, गायनात विशारद, सहा वर्षं शाळेत पाचवी ते आठवीला गाणं शिकवते.

या पद्धतीतला 'डो' आपल्या 'सा'सारखाच, कुठल्याही पट्टीत लावा. त्यामुळे सोल्फा (डो-रे-मी म्हणत गाणं) आणि स्वरांच्या हाताच्या खुणा पटकन जमल्या, मुलांनीही उचलल्या. घोडं अडलंय पाच रेघांवर. भातखंडे लिपी झरझर वाचते, पण स्टाफ नोटेशन आलं की बोट ठेवून रेघा मोजत बसते. त्याहून वाईट म्हणजे दोन ओळी एकदम: एक गळ्यातून, दुसरी कीबोर्डवर. तिसऱ्या मात्रेला गळा मुकाट बोटांच्या मागे जातो!

चार महिने यूट्यूब आणि थिअरीची पुस्तकं करून झाली. इथले पियानोचे सर बोटांपासून सुरुवात करतात. मला वाचून गाणं आणि कानाची तयारी हवीय. नाशिकला राहते, शनिवारी पुण्याला येऊ शकते, एरवी संध्याकाळी सातनंतर ऑनलाइन. घरी पियानो नाही, पाच सप्तकांचा कीबोर्ड आहे. स्टायपेंडियम हंगेरिकम शिष्यवृत्तीची माहिती काढलीय, ती नको.

हिंदुस्थानी गायनातून तिथे गेलेलं कुणी आहे का? वाचून गाण्याची तयारी कुणाकडे केलीत, आणि प्रवेशाच्या वेळी पियानो खरोखर किती वाजवायला लावतात?